दोनशे ग्रॅमचं जॅकेट

परवा एका मित्राचा फोन आला. रस्त्यावरच्या चार-पाच मॅरेथॉन झाल्यात त्याच्या, आता डोंगरातली पन्नास किलोमीटरची पहिली अल्ट्रा भरली आहे. मला वाटलं चढाच्या सरावाबद्दल, बुटांबद्दल काहीतरी विचारेल. त्याने विचारलं, "अरे, ते सामान खरंच तपासतात का रे?"

"कुठलं सामान?"

"तेच रे, यादी दिलीय ती. जॅकेट, दोन बॅटऱ्या, शिट्टी, तो चंदेरी कागद. नुसतं लिहिलेलं असतं की सुरुवातीला पिशवी उघडून बघतात?"

मी म्हटलं, "बघतात." खरं तर त्या शर्यतीत बघतात की नाही हे मला माहीत नव्हतं. सरळ थाप मारली. आणि फोन ठेवल्यावर जो राग आला तो दोन दिवस उतरला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

राग त्याचा एकट्याचा नाही. हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की आता तो प्रश्न राहिलेला नाही, रीतच झाली आहे. दीड-दोन लाखांचं घड्याळ मनगटावर, बुटांचे तीन जोड, आणि दोनशे ग्रॅमच्या जॅकेटसाठी घासाघीस! कोथिंबिरीच्या जुडीसाठी करतात तशी. "बॅटरी एक चालेल का? मोबाइलला आहे ना दुसरी." "शिट्टी कशाला, मी ओरडेन की." ओरडेन म्हणे. गार वाऱ्यात तासभर पडून राहिलेल्या माणसाचा आवाज दहा पावलांपलीकडे जात नाही. शिट्टीला दम लागत नाही, ओठांपर्यंत नेली की झालं. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीनदा वाजवून उत्तर द्यायचं. आल्प्समधून आलेला संकेत आहे हा, आणि यादीत शिट्टी मागणाऱ्या किती संयोजकांनी तो शेजारी छापलाय ते जरा बघा. पण संयोजकांकडे नंतर येतो.

आधी चीनमधल्या एका शर्यतीबद्दल. २२ मे २०२१. गान्सू प्रांतात, बाईयिन शहराच्या हद्दीतल्या जिंगताई तालुक्यात, पीत नदीच्या काठी दगडी सुळक्यांचा एक प्रदेश आहे. तिथली १०० किलोमीटरची शर्यत. १७२ जण सकाळी नऊला निघाले. वारा तेव्हाच होता, पण बहुतेकांच्या अंगात पातळ शर्ट आणि अर्ध्या चड्ड्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्यांच्या मधे आठेक किलोमीटरचा टप्पा, त्यात साधारण हजार मीटरचा चढ, उघडा डोंगर, गाडी जाऊ शकत नाही अशी वाट. दुपारच्या सुमाराला तिथे पाऊस, गारा आणि वादळी वारा एकदम सुरू झाले. तापमान धडाधड उतरलं. २१ जण गेले.

त्या यादीत वाऱ्याचं जॅकेट होतं. 'अनिवार्य' या सदरात नव्हतं, 'सुचवलेलं' या सदरात होतं. अनेकांनी आपलं जॅकेट पुढच्या ठाण्यावर पाठवायच्या पिशवीत टाकलं होतं, संध्याकाळी लागेल म्हणून. चंदेरी कागद होते, पण त्या वाऱ्यात ते हातातल्या हातात फाटले. वाचलेल्यांनी सांगितलंय हे.

आणि कोण गेलं? नवखे, कच्चे, हौशी? नाही. लियांग जिंग गेला, वय ३१, चीनमधल्या सगळ्यांत नावाजलेल्या अल्ट्रा धावपटूंपैकी एक. पुढे होते त्यांची गत सगळ्यांत वाईट झाली, कारण वादळाने गाठलं तेव्हा ते वर चढलेले होते आणि त्यांना परत फिरायचं तर तेवढाच डोंगर उतरायचा होता. मागचे बरेच जण खालूनच माघारी वळले म्हणून घरी गेले. 'मी फास्ट आहे, मला जॅकेटची गरज पडत नाही' हे ज्यांचं मत आहे त्यांनी ही ओळ परत वाचावी.

याच्यामागचं कारण काही गूढ नाही. धावताना शरीर भट्टीसारखं तापतं, म्हणून गारठ्यात पातळ शर्टावरही चालतं. पण चढ आला की वेग पडतो, खाणं संपलेलं असतं, स्नायू थकलेले असतात. भट्टी मंदावते. त्यात कपडे भिजले आणि वर वारा सुटला की ओलं अंग कोरड्यापेक्षा कितीतरी पटींनी लवकर गार पडतं. त्यासाठी बर्फ लागत नाही, शून्याखालचं तापमान लागत नाही. आधी थंडी भरते, मग बोटांना चेन लागत नाही, मग जीभ अडखळते, मग माणूस उगाच हट्टी होतो. बोटं चालत नाहीत त्या क्षणी पिशवीतलं जॅकेटही उपयोगाचं नाही, कारण ते काढून घालणार कोण? म्हणजे जॅकेट घालायची वेळ 'थंडी वाजायला लागली' ही नव्हे, त्याच्या आधीची. ही एक गोष्ट कळली तरी या लेखाचं काम झालं असं मी समजेन.

आता यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. "तो चीन होता हो. आपला सह्याद्री आहे. आमचे मावळे काय जॅकेट घालून पळत होते?"

हे वाक्य मी एका शर्यतीच्या सुरुवातीला, पहाटे साडेतीनला, प्रत्यक्ष ऐकलंय. टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. मला इतिहासाचा अधिकार नाही, पण घोंगडी ठाऊक आहे. आजही वेल्ह्याच्या बाजूला किंवा वरंध्याच्या अंगाला गुरं-मेंढरं राखणारा माणूस डोंगरात जातो तेव्हा त्याच्या खांद्यावर घोंगडी असते, हातात काठी असते आणि कमरेला कोयता. ऊन असो वा नसो. पाऊस आला तर तीच घोंगडी खोळ करून डोक्यावर. भर दुपारी ती ओझं घेऊन हिंडणाऱ्या धनगराला कुणी विचारत नाही, 'तपासतात का रे?' त्याची यादी त्याच्या आज्याने केलेली आहे आणि तिच्यात 'सुचवलेलं' असं सदर नाही. तेव्हा मावळ्यांचं नाव घेऊन अर्ध्या चड्डीचं समर्थन करू नये, एवढंच.

आणि योगायोग बघा. गान्सूमध्ये त्या दिवशी सहा जणांना वाचवलं ते झू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने. पावसाने गाठलं तेव्हा तो एका गुहेत आडोशाला होता. अडीअडचणीला असावं म्हणून तिथे त्याने कपडे, खाणं, पांघरुणं ठेवलेली होती. शेकोटी केली, एकेकाला आत आणलं. जगातल्या उत्तम धावपटूंकडे जे नव्हतं ते मेंढपाळाकडे होतं, आणि ते त्याला कुठल्या संयोजकाने अनिवार्य केलं नव्हतं.

सह्याद्रीत गारा क्वचित. मान्य. पण डिसेंबरात राजगडाच्या संजीवनी माचीवर किंवा तोरण्याच्या बुधला माचीवर पहाटे जो वारा असतो तो ज्याने अंगावर घेतलाय, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. शिवाय आपला खरा घातक शत्रू दुसराच आहे, आणि इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. बरी नाही ती.

मी काही मोठा धावणारा नाही. दोन शर्यती कशाबशा पुऱ्या केल्या, एक अर्धवट सोडली, आणि गेली काही वर्षं बहुतेक वेळा पाण्याच्या टेबलामागे बसतो. एका वर्षी असाच बसलो होतो, फेब्रुवारीतलं ऊन, दुपारचे दोन. एक चाळिशीचा गृहस्थ आला, चेहरा उतरलेला, ओकारी झालेली, डोकं ठणकतंय म्हणाला. आम्ही दोघे स्वयंसेवक. आमच्या डोक्यात एकच: ऊन लागलंय, पाणी कमी पडलंय. मी अर्धा लिटरची बाटली उघडून त्याच्या हातात दिली, वर 'प्या, प्या, सगळी संपवा' असा आग्रह. पंगतीत करतात तसा. त्याने निम्मी संपवली. दुसरी उघडत होतो तेवढ्यात मागून एक बाई आल्या, त्याही शर्यतीतल्याच, पेशाने डॉक्टर. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. बोटं फुगलेली, अंगठी मांसात रुतलेली, घड्याळाचा पट्टा काचत होता. त्यांनी विचारलं, "सकाळपासून किती पाणी प्यायलात?" तो म्हणाला, "प्रत्येक ठाण्यावर एक लिटर, आणि मधे पिशवीतलं." त्या माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "त्यांना आता पाणी देऊ नका." मग त्यांच्या सांगण्यावरून गाडी मागवली. दोन दिवस दवाखान्यात होता तो. रक्तातलं सोडियम पडलं होतं.

तो वाचला यात माझं काही कर्तृत्व नाही. माझं कर्तृत्व म्हणजे ती पहिली बाटली.

त्यानंतर मी जे वाचायला हवं होतं ते वाचलं. गरजेपेक्षा जास्त पाणी पीत राहिलं की रक्त पातळ होतं, मेंदूला सूज येऊ शकते, आकडी येऊ शकते, माणूस जातो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी भरलं. ती तर रस्त्यावरची चार-पाच तासांची शर्यत. आणि 'मी साधं पाणी नाही हो, इलेक्ट्रॉल पितो' याने सुटका होत नाही. रक्तात लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असतं, ओआरएसमध्ये ७५, आणि रंगीत बाटल्यांतल्या खेळाच्या पेयांत त्याहून बरंच कमी. म्हणजे तेही गळ्याशी येईतो प्यायलात तर रक्त पातळच होणार. तहान लागेल तेव्हा, तेवढं प्यावं, असं आता जाणकार सांगतात. घड्याळ लावून नाही. पण पाणी जवळ मात्र भरपूर बाळगावं, दीड-दोन लिटर. बाळगणं आणि पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीच गत वेदनाशामक गोळ्यांची. तीसाव्या किलोमीटरला गुडघा दुखला की खिशातून आयब्युप्रोफेन काढायची सवय आता पाण्याइतकी साधी झाली आहे. टेबलावर लोक आमच्याकडे मागतात, चहाला साखर मागावी तशी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८० किलोमीटरच्या टप्प्यावर ८९ धावपटूंना बघितलं. खरी गोळी घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडाला तात्पुरती इजा दिसली, खोटी गोळी घेतलेल्यांपैकी ३४ टक्क्यांच्या. संख्या लहान आहे, मान्य. पण खोटी गोळी घेऊनसुद्धा दर तिघांत एकाचं मूत्रपिंड कुरकुरत असेल, तर त्याच्यावर आणखी कशाला भार टाकायचा?

आता संयोजक. मंडळी, हा भाग लिहिताना मला संकोच वाटतोय, कारण यातले बरेच लोक जीव ओतून काम करतात, पदरचे पैसे घालतात. तरीही.

गेल्या काही वर्षांत हातात आलेली धावपटूंसाठीची माहितीपत्रकं मी काढून बसलो. टी-शर्टच्या मापांचा तक्ता: अर्धं पान. पदकाचा फोटो: पाव पान. आदल्या रात्रीच्या जेवणाचा बेत, शाकाहारी आणि जैनसुद्धा. मग 'कोणत्याही इजेस वा मृत्यूस संयोजक जबाबदार राहणार नाहीत' हा परिच्छेद, वकिलाकडून घासूनपुसून घेतलेला. आणि पाण्याबद्दल एक ओळ: 'मार्गावर पुरेशी व्यवस्था असेल.' पुरेशी म्हणजे किती? दोन ठाण्यांमधलं अंतर किती, आणि त्या अंतरात चढ किती? सपाटीवरचे आठ किलोमीटर आणि हजार मीटर चढाचे आठ किलोमीटर एकाच 'आठ' या आकड्याने लिहायचे ही फसवणूक आहे, नकळत केलेली असली तरी. गाडी कुठल्या ठाण्यापर्यंत येते? जिथे येत नाही तिथून जखमी माणसाला खाली कोण आणणार, किती वेळात? मोबाइलला रेंज कुठे नाही? हवा बिघडली तर शर्यत थांबवायचा अधिकार कोणाच्या हातात आहे, आणि तो निर्णय वरच्या सोंडेवर असलेल्या माणसाला कळणार कसा?

गान्सूत आदल्या रात्री स्थानिक हवामान खात्याने जोराच्या वाऱ्याचा इशारा दिला होता. कागदावर होता. डोंगरात शिरलेल्यांच्या तो उपयोगी पडला नाही. नंतर चौकशी झाली, अनेक अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, सरकारने देशभरातल्या अशा शर्यती स्थगित केल्या. सगळं व्यवस्थित झालं, फक्त नंतर झालं.

आणि हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. फ्रान्समध्ये शामोनीहून मोंब्लांच्या भोवती फिरणारी यूटीएमबी घ्या, सुमारे १७० किलोमीटर आणि १०,००० मीटरचा चढ. तिथल्या यादीत 'जॅकेट' असं मोघम लिहून सोडत नाहीत. टोपीसकट पाहिजे, जलरोधक पाहिजे, कापड किती पाण्याचा दाब सोसेल त्याचा आकडा दिलेला. दोन बॅटऱ्या, निदान एक लिटर पाण्याची सोय, चंदेरी पांघरूण किती बाय कितीचं तेही. मधेच कुठेही तपासतात आणि वस्तू नसेल तर दंड, प्रसंगी बाहेर. २०१० साली वादळामुळे त्यांनी सुरू झालेली शर्यत काही तासांत थांबवली, २०१२ साली मार्ग शंभरेक किलोमीटरवर आणला. जगभरातून, हजारो रुपये खर्चून आलेली माणसं चिडली असणारच. चिडूदेत. चिडलेली माणसं घरी जातात.

आपल्याकडे मार्ग छोटा केला की फीचे पैसे परत मागणारे पहिले आपणच. म्हणून संयोजकही कचरतात. तेव्हा एकट्या त्यांना झोडपण्यात अर्थ नाही.

वेळमर्यादेचंही तेच. कट-ऑफला टेबलावर मला शिव्या खाव्या लागल्या आहेत. 'चार मिनिटं तर उशीर झालाय, जाऊ द्या ना काका.' काका म्हटलं की पाघळेन असं वाटतं बहुधा! कट-ऑफ हा अपमान नाही. पुढच्या कातळटप्प्यावर तुम्ही अंधारात पोचू नये, म्हणून मागे मोजत मोजत आणलेली ती वेळ आहे. आणि तुम्हाला जमेल का हे घरबसल्या कळतं. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला: चालताना ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. पन्नास किलोमीटर आणि २४०० मीटर चढ असेल तर दहा अधिक चार, चौदा तास. यात विश्रांती नाही, घसाऱ्यावरून बसत उतरणं नाही, फिती गुरांनी खाल्ल्यामुळे चुकलेली वाट नाही. तुम्ही पळाल तेवढी बचत. रस्त्यावर पन्नास किलोमीटर सहा तासांत करतो म्हणून डोंगरात सातला येईन असं म्हणणाऱ्याने हे गणित फीचे पैसे भरण्याआधी करावं. माझ्या मित्राने केलं नव्हतं. मी फोनवर करून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे अंधार पडणार."

"पडणार."

"मग दुसरी बॅटरी लागेल."

चला, एक वस्तू झाली. जॅकेट माझं नेतो म्हणालाय. शिट्टी त्याच्या पिशवीच्या छातीवरच्या पट्ट्याला आधीपासूनच होती, सहा महिने वापरून त्याला ती दिसली नव्हती.

राहता राहिला मी. पुढच्या मोसमात एका शर्यतीला पुन्हा टेबलावर बसायचं कबूल केलंय. यावेळी आधीच पत्र लिहून चार प्रश्न विचारले: माझ्या ठाण्यापर्यंत गाडी येते का, रेंज आहे का, पडलेल्या माणसाला खाली आणायला कोण आहे, आणि शर्यत थांबवायचा निरोप मला कोण देणार. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, अगदी आदराने लिहिलेलं. माझं टी-शर्टचं माप कळवायचं राहिलंय, म्हणे.